घरचे तेल, बाटलीवरचे लेबल

हिवाळ्याच्या तोंडावर शेवगावच्या एखाद्या मोहल्ल्यातून चालत गेले की कुठल्या तरी घरात मेथी, कलौंजी आणि जास्वंद तेलात कढत असल्याचा वास येतो. पूर्वी हे तेल घरापुरतेच असे. सासरी गेलेल्या लेकीला एक बाटली, बाळंत झालेल्या भाचीला एक बाटली, संपला हिशेब. आता तीच बाटली पैसे घेऊन घराबाहेर पडते. बचत गटाच्या बैठकीत विकली जाते, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर दिसते, बोधेगावच्या बन्नोमाँच्या यात्रेत एखाद्या टेबलावर मांडली जाते. तेलाच्या पाठोपाठ उटणे आले, साबण आला, मेंदीचे कोन आले. घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे येत असतील तर आम्हाला त्याचा आनंदच आहे.

भाचीला दिलेल्या बाटलीवर काही लिहावे लागत नाही. तेल कोणी बनवले, कधी बनवले, त्यात काय आहे, हे तिला ठाऊक असते आणि नसले तर ती खालाला फोन करून विचारते. पैसे देऊन नेणारी अनोळखी बाई कोणाला विचारणार? तिच्याजवळ बाटलीवरच्या कागदाखेरीज काही नसते. म्हणून लेबल म्हणजे सजावट नव्हे, ती आपण दिलेली साक्ष आहे, असे आम्हाला वाटते. ओळखीच्या भगिनी लेबलाचा नमुना दाखवायला आणतात तेव्हा बहुतेकींचा पहिला प्रश्न रंगाचा असतो, हिरवा चांगला दिसेल की सोनेरी. रंगाकडे नंतर येऊ. आधी मजकूर.

लेबल माणसाला कसे नडते याची एक जुनी हकीकत मुंबईची आहे. इब्राहिम सुलतान अली पाटणवाला हे राजस्थानातून मुंबईला आले, सुगंधी द्रव्यांच्या कामात त्यांचा हात बसला आणि पुढे त्यांनी स्वतःचा माल काढला. त्यात केसांचे तेलही होते. 1919 मध्ये त्यांनी चेहऱ्याला लावायचे 'अफगाण स्नो' हे क्रीम आणले. आमच्या आजीच्या पिढीतल्या अनेकींना ती निळी बरणी अजून आठवते. अफगाणिस्तानच्या बादशहाने बरणी उघडून पाहिली आणि हे तर आमच्याकडच्या बर्फासारखे आहे असे म्हटले, त्यावरून हे नाव पडले, असे पाटणवाला कुटुंबात सांगितले जाते. क्रीम बनायचे मुंबईत, पण बरणी आणि लेबल परदेशातून यायचे. स्वदेशीच्या चळवळीत लोकांनी बरणी पाहिली, माल विलायती ठरवला आणि त्यावर बहिष्कार घातला. शेवटी पाटणवालांना थेट गांधीजींपर्यंत जावे लागले आणि हा माल इथलाच आहे असे गांधीजींनी जाहीर केले, ही हकीकतही कुटुंबाकडूनच आलेली. आतला माल देशी होता, बनवणारा देशी होता, आणि बरणीकडे पाहून ते कोणाला कळले नाही.

आज आमच्या भगिनींचा प्रश्न याच्या उलट आहे. बनवणारी कोण हे कळले तर बाहेरचे लोक घेतील का? हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, पण विचारला जातो. काहीजणी ब्रँडचे नाव असे ठेवतात की त्यावरून कोणाचे घर आहे ते समजू नये. ब्रँडचे नाव 'सुगंधा' ठेवा नाहीतर 'नूर' ठेवा, त्याला कोणाची हरकत नाही. पण बनवणाऱ्याचे नाव आणि पूर्ण पत्ता लेबलवर असलाच पाहिजे, असे कायदा सांगतो. तिथे आडपडदा चालत नाही आणि ठेवूही नये. शेवगावच्या बाजारात भांडी, कपडा, बांगड्या, भाजी घेताना माणसे एकमेकांना पिढ्यान्पिढ्या ओळखतात. ज्याला नाव पाहून बाटली खाली ठेवायची आहे तो ठेवील. ज्या बाईचे केस त्या तेलाने बरे दिसू लागले ती नाव लक्षात ठेवून पुन्हा येईल. नाव लपवले तर हिला परत यायला वाट राहत नाही.

पत्त्याबरोबर तक्रारीसाठी फोन नंबर आणि ईमेलही द्यावा लागतो. इथे घरच्या पुरुष मंडळींची कुरकूर सुरू होते, की बाईचा नंबर गावभर जाईल. ही काळजी खोटी नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे धंद्यासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे आणि लेबलवर तोच नंबर छापावा. बचत गट असेल तर गटाचे नाव, गटाचा पत्ता. नंबर चुकीचा किंवा बंद पडलेला देणे हा मात्र उपाय नव्हे.

आता जी गोष्ट छपाईच्या दुकानात कोणी सांगत नाही ती सांगतो. अंगाला किंवा केसांना लावायची वस्तू विक्रीसाठी बनवायची तर परवाना लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 सालचा आहे आणि सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम 2020 मध्ये आले. साबण, तेल, उटणे, क्रीम, काजळ, सारे यात येते. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे सीओएस-5 या नमुन्यात अर्ज करायचा आणि परवाना सीओएस-8 या नमुन्यात मिळतो. त्याचा क्रमांक लेबलवर छापायचा असतो. परवान्यासाठी जागा, स्वच्छता, जाणकार माणूस, तपासणी या अटी आहेत, आणि ज्या ओट्यावर कालवण शिजते तो ओटा त्यात बसत नाही. घरात वापरायला, लेकीसुनांना द्यायला काही लागत नाही. विकायचे म्हटले की लागते.

मग बचत गटाच्या बाईने काय करावे? दोन वाटा आम्हाला दिसतात. गटाने मिळून वेगळी जागा घ्यावी आणि रीतसर परवाना काढावा. किंवा ज्या कारखान्याकडे परवाना आहे त्याच्याकडून आपल्या कृतीप्रमाणे माल बनवून घ्यावा. दुसऱ्या वाटेने गेले तर लेबलवर उत्पादक म्हणून त्या कारखान्याचे नाव आणि परवाना क्रमांक येतो, आणि विक्रेता म्हणून आपले. दोन्हींना वेळ लागतो, पैसा लागतो. तोवर काहीजणी तिसरीच वाट धरतात. एखाद्या मोठ्या कंपनीच्या बाटलीवरचा परवाना क्रमांक उतरवून आपल्या लेबलवर छापतात. कोणी खाद्यपदार्थांचा एफएसएसएआय क्रमांक केसांच्या तेलावर टाकतात, ज्याचा तेलाशी काही संबंध नाही. कोणी गोल शिक्क्यात 'आयएसओ' लिहितात, कारण संगणकावरच्या तयार नमुन्यात तो शिक्का आधीच होता. परवाना नसणे ही अडचण आहे. दुसऱ्याचा क्रमांक छापणे हे खोटे आहे, आणि ते आपल्या सहीने दिलेले खोटे आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली, ही हदीस आपल्या घराघरात सांगितली जाते. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारण्यात आले. लेबल लिहिताना ही हदीस आम्हाला फार जवळची वाटते. तिथे माल ओला असल्याबद्दल विचारणा नव्हती, ओल खाली दडवल्याबद्दल होती.

घटकांची यादी ही लेबलवरची ओल वर ठेवायची जागा आहे. जो घटक सर्वांत जास्त तो आधी, मग उतरत्या क्रमाने. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. आता ज्या तेलाचे नावच 'बदाम-कलौंजी तेल' आहे त्याच्या यादीत पहिले नाव पामतेलाचे किंवा मिनरल ऑइलचे येत असेल, तर ते तसेच पहिले लिहावे लागेल. लिहिताना लाज वाटत असेल तर तेल बदलावे, यादी बदलू नये. वास विकत आणून घातला असेल तर तोही यादीत येतो.

हीच यादी विकत घेताना आपल्या कामी येते. साबणावर 'सोडियम टॅलोएट' असे लिहिलेले असेल तर त्यात जनावरांची चरबी वापरली आहे. 'सोडियम पामेट' म्हणजे पामतेलाचा साबण, 'सोडियम कोकोएट' म्हणजे खोबरेल तेलाचा. लाल रंगाच्या प्रसाधनात 'कार्माइन' किंवा 'सीआय 75470' दिसले तर तो रंग किड्यांपासून काढलेला असतो. ग्लिसरीन वनस्पतीचेही असते, प्राण्याचेही. नुसत्या नावावरून ते कळत नाही, विचारावे लागते. काही साबणांवर हिरवा ठिपका असतो, पुष्कळांवर नसतो. यादी वाचता आली की ठिपक्यावाचून बरेचसे कळते.

त्यामुळेच लेबलवर मोठ्या अक्षरात 'हलाल' छापण्याची घाई आम्हाला पटत नाही. ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था असतात, त्यांची तपासणी असते, फी असते. तपासणी न करता तो शब्द छापणे म्हणजे पुन्हा दुसऱ्याचा परवाना क्रमांक छापण्यासारखेच. शिवाय नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली, निर्यातीचा माल तेवढा वगळला. तो आदेश त्या राज्यापुरता आहे, पण कुरियरने माल कुठेही जातो. साबण कशाकशाचा केला ते स्वच्छ लिहिले की घेणारीला स्वतःच ठरवता येते.

अल्लाहचे नाव, 786, काबागृहाचे चित्र, आयतीची नक्षी यांबद्दल तर आम्ही हात जोडून सांगू. ही बाटली न्हाणीघरात जाणार, तेलकट हातांनी हाताळली जाणार आणि संपल्यावर कचऱ्याच्या गाडीत पडणार. साबणाचे वेष्टन मोरीत भिजणार. कलौंजीच्या तेलावर कलौंजीची हदीस छापायची पद्धत तर सर्रास झाली आहे. आदराचा प्रश्न आहेच, पण दुसरेही आहे. हदीस छापली की आपले तेल सगळ्या रोगांवर चालते असे घेणाऱ्याने समजावे, हा त्यामागचा हेतू असतो. प्रेषितांनी (स.) कलौंजीबद्दल सांगितले, आपल्या बाटलीबद्दल नाही.

रोग बरे करण्याच्या दाव्यांवर कायदाही कडक आहे. जादूटोणा आणि चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा 1954 चा कायदा जाहिरातीत लेबलही धरतो. मधुमेह, कर्करोग, अंगावरचे कोड अशा आजारांची त्यात लांबलचक यादी आहे. त्यांवर उपाय म्हणून वस्तूची जाहिरात करता येत नाही. 'टक्कल जाईल', 'सात दिवसांत गोरेपणा' असे दावे सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर नकोतच, कारण घेणाऱ्याची दिशाभूल होईल असे काही लिहायला नियमांची मनाई आहे. (गोरेपणाचे दावे आपण आपल्या मुलींसमोर तरी कशाला मांडावेत?) 'केमिकल फ्री साबण' हाही शब्द खोटाच. कॉस्टिक सोड्याशिवाय साबण बनत नाही. नीट मुरलेल्या साबणात तो उरत नाही हे खरे, पण म्हणून वापरलाच नाही असे म्हणता येत नाही. आयुर्वेदिक किंवा युनानी म्हणून विकायचे तर त्याचा परवाना आणखी निराळा.

एका शब्दाने काय फरक पडतो हे खोबरेल तेलाच्या खटल्यात दिसले. छोट्या बाटलीतले खोबरेल तेल खायचे की केसांना लावायचे, यावर कर खाते आणि कंपन्या वर्षानुवर्षे भांडत होत्या, कारण दोन्हींच्या कराचा दर निरनिराळा होता. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचे तेल ठरत नाही. खाद्यतेलाच्या अटी पाळून, तसे लेबल लावून विकले तर ते खाद्यतेलच. तेल तेच राहिले, बाटली तीच राहिली, बघितले गेले ते लेबल.

सुरम्याबद्दल दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत, कारण तो आपल्याच घरांत जास्त वापरला जातो. बाजारातला पुष्कळसा सुरमा शिशाच्या खनिजापासून बनतो, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. ज्या सुरम्याच्या डबीवर कशापासून बनवला, कोणी बनवला हे लिहिलेले नाही तो तान्ह्या बाळाच्या डोळ्यात घालू नये. ईदच्या आधी विकले जाणारे मेंदीचे कोनही असेच, कोऱ्या पन्नीतले. काही मिनिटांत काळा रंग देणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडी हे केस रंगवायचे रसायन असते आणि त्याने कातडीवर फोड येतात. केस रंगवायच्या डब्यावर ही सूचना छापावी लागते, कोनावर मात्र काहीच नसते. असे कोन करून विकण्यापेक्षा न विकलेले बरे.

मजकूर ठरला की छपाई. बाटलीचा व्यास मोजावा आणि 3.14 ने गुणावा. 4.5 सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीचा घेर सुमारे 14.1 सेंटिमीटर भरतो. लेबल 13.5 सेंटिमीटर रुंद ठेवले तर मागे थोडी फट राहते आणि कागदावर कागद चढत नाही. चारी बाजूंना 3 मिलिमीटर रंग जास्त सोडावा लागतो, नाहीतर कापताना पांढरी कड दिसते. लेबल 5.5 सेंटिमीटर उंच असेल तर 12 बाय 18 इंचांच्या एका स्टिकर शीटवर अशी 14 लेबले बसतात. छापायला देण्याआधी साध्या कागदावर एक प्रत काढून बाटलीला गुंडाळून पाहावी. संगणकाच्या पडद्यावर मोठी दिसणारी अक्षरे बाटलीवर मुंगीएवढी होतात.

मराठी मजकुराची एक खास डोकेदुखी आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि छपाईवाल्याच्या संगणकावर पुष्कळदा श्रीलिपीचे जुने फाँट असतात. मजकूर तिकडे उतरवला की जोडाक्षरे फुटतात, 'जास्वंद'चे काहीतरी भलतेच होते. "भाभी, मजकूर वाचून घ्या," असे तो सांगतो तेव्हा खरोखर अक्षरन् अक्षर वाचावे, आणि घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाकडूनही वाचून घ्यावे. भाषेबद्दलही एक नियम आहे. वजन, किंमत, तारीख, पत्ता हा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो. मराठी आणि उर्दू त्याच्या जोडीला खुशाल छापाव्यात. आम्ही तर म्हणू, वापरायची पद्धत आणि सावधगिरीची सूचना मराठीत असलीच पाहिजे. शेवगाव-पाथर्डीच्या खेड्यांतली बाई तेवढेच वाचणार आहे.

तेलाच्या बाटलीला साधे कागदी स्टिकर लावले की आठवड्याभरात ते तेल पिऊन पारदर्शक होते. प्लॅस्टिकचे, न फाटणारे शीट घ्यावे किंवा कागदावर लॅमिनेशन करावे. घरच्या इंकजेट प्रिंटरची शाई ओल्या हाताने पसरते, लेसरची टिकते. चिकटवण्याआधी बाटली स्पिरिटने पुसून कोरडी करावी. पडद्यावर चमकणारा हिरवा रंग छापून आला की मळकट दिसतो, म्हणून पूर्ण संख्या सांगण्याआधी एक शीट काढून बघावे. तारीख आणि बॅच क्रमांक छापून घेऊ नयेत, त्यासाठी लॅमिनेशन नसलेली छोटी जागा सोडावी आणि तिथे न पुसणाऱ्या पेनाने लिहावे. लॅमिनेशनवर मारलेला रबरी शिक्का अंगठ्याने पुसला जातो.

मापाबद्दल. तेल मि.लि.मध्ये विकतात आणि घरी तराजू ग्रॅमचा असतो. 100 मि.लि. खोबरेल तेल सुमारे 92 ग्रॅम भरते. बाटलीवर 100 मि.लि. लिहून तराजूवर 92 ग्रॅम आले तर माप पूर्ण आहे. बाटलीवर 100 ग्रॅम लिहून 100 मि.लि.च्या खुणेपर्यंत भरले तर 8 ग्रॅम कमी गेले, आणि कमी मापाबद्दल कुरआनने काय बजावले आहे ते वाचकांना ठाऊक आहे. किमतीपुढे 'सर्व करांसहित' हे शब्द हवेत. 10 ग्रॅम किंवा 10 मि.लि. आणि त्याहून लहान पाकिटांना वजनमापांच्या नियमांतून सूट आहे, बाकीच्यांना नाही. माल पॅक करून विकायला लागल्यापासून 90 दिवसांत वैधमापन खात्याकडे नोंदणीचा अर्ज करायचा असतो.

प्रत्येक खेपेतली एक बाटली तारीख घालून घरीच ठेवावी आणि वहीत लिहावे, कोणते तेल कुठून आणले, किती बाटल्या भरल्या, कोणत्या दुकानात दिल्या. सहा महिन्यांनी कोणाची तक्रार आली तर ती बाटली उघडून वास घेता येतो. पाणी किंवा गुलाबजल घातलेली वस्तू लवकर बिघडते, तिच्यावर तेलाइतकी लांबची तारीख लिहू नये.

पहिल्या वेळी लेबले थोडीच काढावीत. किंमत बदलते, पत्ता बदलतो, परवाना मिळाला की क्रमांक येतो. जुनी उरलेली लेबले रद्दीत देऊ नयेत, कात्रीने तुकडे करून टाकावीत. रिकाम्या बाटल्याही लेबल खरवडून मगच भंगारवाल्याला द्याव्यात, म्हणजे आपल्या नावाच्या बाटलीत दुसऱ्याचे तेल भरून कोणी विकणार नाही.